फायबरच्या होडीत मोठा स्पीकर बसवताना

मालवणात पर्यटकांना होडीत गाणी लागतात. चार इंची स्पीकर इंजिनापुढे ऐकूच येत नाही, म्हणून तुम्ही साडेसहा इंची आणता. पण भोक साडेसहाचं पाडू नका. ते लहानच लागतं, खोक्यातला कागदी साचा पाहा. आधी मागे हात घालून वायर, पेट्रोलची नळी चाचपा. होकायंत्र जवळ असेल तर जागाच बदला! चुंबकाने सुई फिरते, रात्री दिशा चुकते.

कागदी टेप चिकटवून त्यावर आखा, बारीक दातांच्या जिगसॉने कापा; नाहीतर वरच्या गुळगुळीत थराचे टवके उडतात. तोंडाला मास्क हवाच, ती धूळ छातीत जाते. कापलेल्या कडेत प्लाय दिसला तर रेझिन पाजल्याशिवाय स्पीकर बसवू नका. आत पाणी मुरून तो कुजतो, आणि वरून काही कळत नाही.