जाळीतील अभिकर्ता आणि त्याची परीक्षा : प्रबलन अध्ययनातील एका उदाहरणाच्या आधारे

प्रस्तावना :
थॉर्नडाईकचे मांजरांवरील प्रयोग आणि त्याचा 'परिणामाचा नियम' शिक्षणशास्त्र व मानसशास्त्राच्या अध्यापकांना परिचित आहेत. ज्या कृतीनंतर समाधान लाभते ती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हे त्या नियमाचे सार होय. संगणकशास्त्रातील 'रिइन्फोर्समेंट लर्निंग' अर्थात प्रबलन अध्ययन ही शाखा याच कल्पनेशी नाते सांगते. रिचर्ड सटन व अँड्र्यू बार्टो यांच्या १९९८ मधील ग्रंथाने तिची सुसंगत मांडणी केली. २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना देण्यात आला. घाटकोपरपासून जवळच असलेल्या पवईच्या आयआयटीत प्रा. शिवराम कल्याणकृष्णन या विषयाचे अध्यापन करीत आले आहेत.

महाविद्यालयीन प्रकल्पांतही हा विषय आता येतो. पडद्यावर अभिकर्ता, म्हणजे एजंट, ध्येयाच्या घरात पोहोचलेला दिसला की प्रकल्प यशस्वी मानण्याकडे परीक्षकांचा कल असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा पुरावा अपुरा आहे.

कड्याचे उदाहरण :
सटन व बार्टो यांच्या ग्रंथातील एक जाळी ४ ओळी व १२ स्तंभांची आहे. खालच्या ओळीत डावीकडे आरंभ, उजवीकडे ध्येय आणि मधली १० घरे म्हणजे कडा. प्रत्येक पावलास उणे १ गुण. कड्यावरून कोसळल्यास उणे १०० गुण आणि पुन्हा आरंभस्थानी रवानगी. अभिकर्त्याला नकाशा दिलेला नसतो. प्रत्येक घर व तेथील चार दिशा यांसाठी एक अंदाजी मूल्य तो कोष्टकात ठेवतो. ४८ घरांसाठी केवळ १९२ संख्या! प्रयोगशाळेतील जुना संगणकही यास पुरेसा आहे. प्रत्येक पावलानंतर मिळालेले गुण व पुढील घराचे मूल्य यांच्या आधारे जुना अंदाज थोडा सुधारला जातो.

'पुढील घराचे मूल्य' कोणते, येथे दोन पद्धतींची फारकत होते. वॉटकिन्स यांनी १९८९ मध्ये मांडलेली क्यू-लर्निंग पद्धती पुढील घरातील सर्वोत्तम कृतीचे मूल्य घेते. सार्सा पद्धती प्रत्यक्षात निवडलेल्या कृतीचे घेते. शिकताना अभिकर्ता १० टक्के वेळा यादृच्छिक दिशा निवडतो असे मानू. क्यू-लर्निंग कड्यालगतचा १३ पावलांचा मार्ग शिकते, तर सार्सा वरच्या ओळीतून जाणारा १७ पावलांचा. घाटकोपरच्या टेकडीवर पावसाळ्यात चालणारा मनुष्य उताराच्या कडेने जात नाही, तसेच हे.

आता यांपैकी सरस कोण? यादृच्छिक निवड बंद करून तपासल्यास क्यू-लर्निंगला उणे १३ गुण व सार्साला उणे १७. शिकतानाचे गुण मोजल्यास मात्र निकाल उलटतो. कड्यालगतच्या प्रत्येक घरात चुकून खाली पाऊल पडण्याची शक्यता ४० त १ आहे. अशी १० घरे ओलांडताना एकदा तरी कोसळण्याची शक्यता सुमारे २२ टक्के होते. म्हणून कोणती चाचणी घेतली हे न सांगता दिलेला आलेख निरर्थक ठरतो.

अंमलबजावणीची तपासणी :
जाळी लहान असल्याने अचूक उत्तर आधीच काढता येते, ही तिची मोठी सोय. भावी गुणांत सूट धरली नसेल, तर पुरेशा सरावानंतर क्यू-लर्निंगच्या कोष्टकात आरंभस्थानाचे सर्वोत्तम मूल्य उणे १३ च्या अगदी जवळ आले पाहिजे. न आल्यास भिंतीवर आदळल्यावर काय होते व ध्येयघराचे मूल्य शून्यच राहते का, हे प्रथम पाहावे.

याहून फसवा दोष शोधप्रवृत्तीचा आहे. कोष्टक शून्यांनी भरून आरंभ केला, तर येथे सर्व गुण ऋण असल्याने न आजमावलेली दिशा नेहमीच अधिक आकर्षक भासते. परिणामी यादृच्छिक निवडीचा संकेतभाग मुळीच चालत नसला तरी अभिकर्ता सर्वत्र फिरतो व मार्ग शोधतो. दोष झाकला जातो! तो उघड करण्यासाठी त्या भागातून किती वेळा निवड झाली याची गणती ठेवावी. एकूण पावलांच्या ती सुमारे एक दशांश यावयास हवी.

एकाच धावेचा निकालही स्वीकारू नये. यादृच्छिक संख्यांचे बीज बदलून किमान ३० स्वतंत्र धावा घ्याव्यात आणि सरासरीसोबत निकालांचे विचलनही द्यावे. अन्य विद्याशाखेतील परीक्षकालाही तोंडी परीक्षेत एक प्रश्न सहज विचारता येईल : "आलेखातील गुण शिकतानाचे, की शिकून झाल्यानंतरचे?"