गरमी, गर्भ आणि एक इंजेक्शन

उपदंशाला आपल्या खेड्यांत आणि झोपडपट्ट्यांत गरमी म्हणतात. हे नाव निघाले की बोट बाईकडेच वळते. वरचेवर पोट पडले किंवा मेलेले मूल जन्मले, तर कुणी तिला पांढऱ्या पायाची म्हणते, कुणी देवऋष्याकडे नेते. गर्भ जाण्याची कारणे अनेक आहेत. गरमी हे त्यांतले एक. परंतु नवरा-बायको दोघांचेही रक्त तपासावे, हे कुणाला सुचत नाही. म्हणून हा रोग गर्भापर्यंत कसा पोचतो, हे कार्यकर्त्यांनी आधी समजून घेतले पाहिजे.

उपदंशाचा जंतू १९०५ साली जर्मनीत शौडिन आणि हॉफमन यांनी शोधला. तो मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. पहिली जखम सहसा दुखत नाही आणि आपोआप भरून येते. माणसाला वाटते, आपण बरे झालो. जंतू मात्र शरीरातच राहतात. त्यामुळे कित्येक बायांना आपल्याला रोग आहे याचा पत्ताही नसतो. दिवस गेल्यावर हे जंतू वारेतून बाळाच्या रक्तात शिरतात. मग गर्भ पडतो, मूल मेलेले किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते. काही मुले जन्मतः धडधाकट दिसतात; पुढे त्यांची हाडे, दात, डोळे, कान यांवर रोगाच्या खुणा उमटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१६ साली जगात जन्मजात उपदंशाच्या सुमारे ६ लाख ६१ हजार घटना घडल्या.

हे सारे टाळता येते. पहिल्या तीन महिन्यांतच आईचे रक्त तपासावे. रोग नवा असेल तर बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन. जुना असेल किंवा केव्हाचा ते कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन. गर्भातल्या बाळालाही खात्रीने बरे करणारे औषध पेनिसिलिनच. उपचार बाळंतपणापूर्वी किमान ३० दिवस तरी सुरू व्हावा. नवऱ्यावर उपचार झाला नाही, तर बाईला पुन्हा लागण होते. जन्मलेल्या बाळाचीही तपासणी हवीच.

औषध आहे, मग मुले का मरतात? याचे एक उत्तर अमेरिकेत सापडते. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या सुमारे ४०० गरीब काळ्या पुरुषांना, रोग पुढे काय करतो ते पाहण्यासाठी, योग्य उपचारांविना ठेवले. पेनिसिलिन या रोगावर लागू पडते हे १९४३ साली कळले, तरी त्यांना ते दिले नाही. १९७२ साली वृत्तपत्रांतून बोभाटा झाला तेव्हा हा प्रयोग थांबला. त्याच वर्षी, काळ्या पँथरांपासून स्फूर्ती घेऊन, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या पुरुषांच्या बायका-मुलांना सरकारी उपचार योजनेत जागा मिळाली ती १९७५ साली. तोवर त्यांची मोजदाद कुणाच्या वहीत होती?

याच्या उलट दाखला क्यूबाचा. २०१५ साली, आईकडून बाळाला होणारा उपदंश आणि एचआयव्ही यांचे उच्चाटन केल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवणारा तो पहिला देश ठरला. २०१९ साली श्रीलंकेलाही ती मिळाली. हे देश श्रीमंत नाहीत. त्यांनी प्रत्येक गरोदर बाईपर्यंत तपासणी नेली, एवढेच.

आपल्याकडेही सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. वीटभट्टीवरची, ऊसतोडीला गेलेली, नाक्यावर उभी राहणारी बाई तिथवर पोचते का, तिचा कागद गुप्त राहतो का आणि तिच्यासोबत नवराही येतो का, हे पाहणे आपले काम आहे. वस्तीत कुणाला दिवस गेले की पहिला प्रश्न हाच विचारावा : रक्त तपासले का? दोघांचेही?