जमीन घेताय? आधी सातबारा वाचा, मग माती उकरून बघा

सुगी संपली, उसाची बिले हातात आली, कापूस-सोयाबीनचे पैसे झाले की गावोगाव जमिनीच्या व्यवहारांची बोलणी सुरू होतात. पाडवा किंवा अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधून इसार दिला जातो. त्यातून बांधाला लागून असलेलं रान विकायला निघालं तर शेतकऱ्याला रात्री झोप लागत नाही. "शेजारचं रान पुन्हा पुन्हा मिळत नाही" असं जुनी माणसं सांगतात. ते खरंच आहे. पण या घाईतच पुष्कळ शेतकरी फसतात.

बैल घ्यायचा तर आपण बाजारात त्याचे दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, चार जाणत्यांना विचारतो. जमीन घेताना मात्र बांधावर उभं राहून नजर टाकली, चहा प्याला आणि सौदा ठरला, असं होतं. बायकोचे दागिने मोडून, सोसायटीचं कर्ज काढून, नोकरीवरच्या मुलाची शिल्लक घालून घेतलेली जमीन पुढे कोर्टात अडकली की दोन पिढ्या त्यात जातात. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, इसाराची रक्कम खिशातून काढण्याआधी खालच्या गोष्टी तपासून घ्या.

सातबारा नुसता बघू नका, वाचा

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणाचे काय हक्क आहेत हे असतं. बारामध्ये पिकांची नोंद असते. ताजा उतारा घ्या. विकणाऱ्याने दाखवलेली जुनी झेरॉक्स चालणार नाही. डिजिटल सहीचा उतारा आता घरबसल्या मिळतो. त्याच्या जोडीला आठ-अ म्हणजे खातेउतारा घ्या, आणि सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले फेरफार नंबर धरून गाव नमुना सहाचे उतारे काढा. निदान तीस वर्षांचे फेरफार बघावेत. जमीन कोणाकडून कोणाकडे, कशी आली हे त्यावरून समजतं.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. कायद्याप्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण ती चुकीची असल्याचं कोणी सिद्ध केलं तर बदलते. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणी, वारसा, कोर्टाचा हुकूम यांवरून. म्हणून "सातबाऱ्यावर नाव आहे ना, मग झालं" असं समजू नका.

सर्वांत महत्त्वाचा रकाना म्हणजे "इतर हक्क". आपली नजर नेमकी तिथेच जात नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, जाण्या-येण्याची वाट, भूसंपादनाचा शेरा, कोर्टातल्या दाव्याची नोंद, हे सगळं तिथे सापडतं. बोजा असेल तर तो फेडल्याचा दाखला आणि बोजा कमी झाल्याची नोंद झाल्यावरच पुढे जा. "खरेदीनंतर फेडतो" या बोलण्यावर विसंबू नका.

विकणारा एकटाच मालक आहे का?

फसवणुकीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. नावाच्या आधी "ए.कु.मॅ." अशी अक्षरं दिसली तर त्याचा अर्थ एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन त्या एकट्याची नाही, भावंडांचाही तीत वाटा असू शकतो. "अ.पा.क." असेल तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे खातेदार नोंदीच्या वेळी वयाने लहान होता. अज्ञान मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन विकायला कोर्टाची आगाऊ परवानगी लागते.

बहिणींच्या हिश्श्याबद्दल गावात अजून गैरसमज आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला. वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात नसले तरी हा हक्क राहतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. "बहिणींची लग्नं झाली, त्यांचा काय संबंध?" असं विकणारा म्हणत असेल तर तिथेच थांबा. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का ते बघा. नसेल तर खरेदीखतावर त्यांच्याही सह्या घ्या.

एका गावातली हकीकत सांगतो. एका कष्टाळू शेतकऱ्याने शेजाऱ्याकडून दोन एकर जमीन शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतली. पैसे पूर्ण दिले, ताबाही मिळाला. त्याने पाइपलाइन केली, डाळिंब लावलं. आठ वर्षांनी विकणारा वारला. वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर त्याच्या बायकोचं, मुलाचं आणि दोन मुलींची नावं आली. सातबाऱ्यावर घेणाऱ्याचं नाव कधी लागलंच नव्हतं. मुलगा म्हणाला, आजच्या भावाने पैसे द्या, नाहीतर रान सोडा. बाग ऐन फळावर असताना हा माणूस तालुक्याला वकिलाच्या पायऱ्या झिजवत होता. शेवटी गावातल्या वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केली. आणखी मोठी रक्कम देऊन, चौघांच्या सह्या घेऊन त्याने पुन्हा खरेदीखत केलं. एकाच रानाचे दोनदा पैसे मोजले.

हे टाळायचं तर घर बघून वंशावळ काढा. गावात चौकशी करा. दैनिकात जाहीर नोटीस द्या. वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला तीस वर्षांचा शोध घ्या. दिवाणी कोर्टात दावा चालू आहे का तेही विचारा, कारण दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते.

वर्ग दोन असेल तर सावध

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन हे लिहिलेलं असतं. वर्ग एकची जमीन मालक स्वतःच्या अधिकारात विकू शकतो. वर्ग दोनला अटी असतात. सरकारने दिलेली, इनाम-वतनाची, सीलिंगमध्ये वाटलेली, कुळकायद्याने मिळालेली अशा जमिनी यात येतात. परवानगी न घेता व्यवहार केला तर जमीन सरकारजमा होण्यापर्यंत पाळी येते.

आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकारी आणि शासन यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावात "पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी" असा शेरा आहे का तोही बघावा.

घेणाऱ्यालाही अट आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. शहरात नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावाने जमीन घ्यायची असेल तर त्याच्या शेतकरी असण्याचा पुरावा आधी तयार ठेवा.

गुंठा-दोन गुंठे घेणाऱ्यांनी तुकडेबंदी विसरू नये. हा कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठरलं. रहिवासी वापराच्या भागांसाठी २०२५ मध्ये शासनाने सवलतीचं पाऊल उचललं, म्हणून शेतीचा तुकडा कापून घेता येईल असं समजू नका. आपल्या गटाला काय लागू आहे ते तहसील कार्यालयात विचारूनच बोलणी करा.

मोजणी आधी, पैसे मागून

सातबाऱ्यावर एक हेक्टर आणि जागेवर दोन एकर, असं कितीदा तरी दिसतं. एक हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे जवळजवळ अडीच एकर. एकर म्हणजे ४० गुंठे. हा हिशेब पाठ असू द्या. पोटखराबा किती आहे ते वेगळं बघा, कारण ओढा-नाल्याच्या जागेला पिकाच्या जमिनीचा भाव देणं बरं नाही.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विकणाऱ्याच्या नावाने मोजणीचा अर्ज करायला लावा. फी तुम्ही दिली तरी चालेल. शेजाऱ्यांना नोटिसा जाऊन मोजणी झाली, खुणा रोवल्या आणि मोजणी नकाशाची प्रत हातात आली की हद्दीचा वाद तिथेच कळतो. बऱ्याच गावांत एकत्रीकरणाच्या वेळी कागद एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची असा घोळ राहून गेला आहे. तुम्ही बघितलेलं रान आणि कागदावरचा गट एकच आहे का, ही खात्री मोजणीशिवाय होत नाही.

वाट आणि पाणी

बिनवाटेचं रान स्वस्त मिळतं, पण ते महाग पडतं. ऊस तोडला आणि ट्रॅक्टर जायला वाट नाही, मग करायचं काय? नकाशावर वाट दिसते का, शेजारी प्रत्यक्षात जाऊ देतात का, दोन्ही बघा. वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून वाट मागता येते. चालू वाट कोणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. पण भांडून मिळवलेल्या वाटेपेक्षा खरेदीखतात चतुःसीमेबरोबर लिहून घेतलेली वाट बरी.

विहीर सामाईक असेल तर हिस्सा किती, पाळी कोणत्या दिवशी, मोटर कोणाची, वीजजोड कोणाच्या नावावर आणि थकबाकी किती, हे लिहून घ्या. पाणी श्रावणात बघू नका. एप्रिल-मे महिन्यात विहिरीचा तळ बघा. कालव्याचं पाणी असेल तर आपण चारीच्या तोंडाला आहोत की शेवटाला, हे शेजाऱ्यांना विचारा.

आता माती उकरा

कागद चांगला आणि माती वाईट असेल तरी नुकसान आपलंच. रानात तीन-चार ठिकाणी कंबरेएवढे खड्डे घ्या. वर काळी माती दिसते आणि हातभर खाली मुरूम किंवा चुनखडीचा थर लागतो, असं पुष्कळदा असतं. अशा जमिनीत ज्वारी-बाजरी येईल, पण फळबागेचा भाव तिला देऊ नका. मुक्त चुन्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असेल तर संत्रा-मोसंबीसारखी बाग लावण्याचा विचार सोडलेला बरा.

मातीचा नमुना तपासून घ्या. सामू साडेसहा ते साडेसातच्या आसपास असेल तर उत्तम. साडेआठच्या वर गेला तर जमीन चोपण होत असल्याची शंका घ्यावी. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या कसदार जमिनी अतिपाण्याने खारवट झाल्या, हे आपल्यासमोर आहे. विहिरीच्या पाण्याचीही तपासणी करा. क्षारतेचा आकडा ०.७५ च्या खाली असला तर पाणी चांगलं, २.२५ च्या वर असला तर ते पाणी माती बिघडवणार. तपासणीचा खर्च जमिनीच्या किमतीपुढे काहीच नाही. आणि एक साधी गोष्ट: भर पावसाळ्यात एकदा त्या रानात चक्कर मारा. पाणी कुठे साचतं ते उन्हाळ्यात दिसत नाही.

पैसे द्या, पण रीतसर

इसार कमीत कमी द्या आणि बँकेतून द्या. साठेखतात मुदत, पूर्ण रक्कम, ताबा कधी, बोजा कोण फेडणार हे स्पष्ट लिहा. साठेखत म्हणजे खरेदी नव्हे. नुसत्या मुखत्यारपत्रावरही मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीचं खरेदीखत नोंदवावंच लागतं. सही झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीला दाखल व्हायला हवं. मुद्रांक शुल्क वाचवायला किंमत कमी दाखवू नका. सरकारी दर आणि ठरलेली किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावरच शुल्क बसतं.

खरेदीखत झालं की घरी जाऊन पेढे वाटा, पण काम संपलं नाही. फेरफार नोंद, संबंधितांना नोटिसा, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी, एवढं झाल्यावर सातबाऱ्यावर नाव येतं. महिन्या-दीड महिन्याने नवा उतारा काढून नाव, क्षेत्र आणि इतर हक्क पुन्हा वाचा.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठी (म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी) यांनी मनावर घेतलं तर निम्मी भांडणं गावातच मिटतील. मयत खातेदारांच्या वारसनोंदी वेळेवर करून घ्या. ग्रामसभेत सातबारावाचन ठेवा. भावाभावांची वाटणी तोंडी राहिली असेल तर संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करायला सांगा. कोऱ्या स्टॅम्पपेपरच्या व्यवहारावर साक्षीदार म्हणून सही करू नका. तुमच्या सहीवर विश्वास ठेवून गरीब माणूस पैसे मोजतो.

हे विसरू नका

ताजा सातबारा, आठ-अ आणि फेरफार. इतर हक्कांचा रकाना. सर्व वारसांच्या सह्या. वर्ग एक की दोन. मोजणी नकाशा. वाट आणि पाण्याची लेखी नोंद. माती-पाणी तपासणी. बँकेतून रक्कम. नोंदणीकृत खरेदीखत. आणि शेवटी, आपल्या नावाचा नवा उतारा. यातली एक जरी गोष्ट राहिली असेल तर मुहूर्त पुढे ढकला. अक्षय तृतीया दरवर्षी येते.