दप्तर तिकडंच राहिलंय

ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे एक लहानशी खोली. दारावर पाटी आहे : 'महिला व बालकांसाठी विशेष कक्ष'. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेलं हे काम आता तालुक्याच्या या पोलीस ठाण्यातही चालतं.

खुर्चीच्या कडेला तिशीची बाई टेकली आहे. मांडीवर लेक झोपलीय. शेजारी नऊ-दहा वर्षांचा मुलगा, तो काही केल्या बसत नाही. बाहेर बूट वाजले की दार आणि आई यांच्या मध्ये येऊन उभा राहतो. आवाज लांब गेला की बाजूला सरकतो. पुन्हा बूट, पुन्हा तेच. हे इतकं अंगवळणी पडलंय की आईच्या ध्यानातही येत नाही.

समुपदेशक ताई त्याच्यापाशी मारहाणीचा विषयही काढत नाहीत.

"कितवीला आहेस रे?"

"चौथीला. पण दप्तर तिकडंच राहिलंय."

बाईचे वडील हातातली टोपी चुरगाळतात. "ताई, तुम्हीच समजवा तिला. पोरांकडं बघून नांदावं."

"आबा, पोरांकडं बघूनच निघालीय ती."

आबा गप्प होतात.

मग कागद निघतात. घरगुती घटना अहवाल संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाईल. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, सगळं मागता येतं. ताई सावकाश सांगतात. बाई मान डोलावते, पण तिचा जीव भलतीकडेच अडकलाय.

"शाळेचं काय वं ताई? इथले सर दाखला मागत्यात. तिकडची शाळा म्हणती, वडलांची सही आणा."

म्हणजे ज्याच्या तावडीतून सुटली, त्याच्याच दारात पुन्हा जायचं!

ताई कोरं लेटरहेड पुढे ओढतात. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 5 : दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. मुलगा टेबलाशी येऊन अक्षरं वाचू लागतो.

"ब तुकडी होती माझी," तो आपणहून सांगतो. "तेपण लिवा."

ताई तेही लिहितात.

मुख्याध्यापकहो, असं पोर दारात आलं तर आधी वर्गात बसवा. दाखला शाळेनं शाळेकडून मागवावा. त्यासाठी आईला त्या घरी धाडू नका.