संकष्टीची भरती

नातवंडांना घेऊन सुट्टीला कोकणात आंजर्ल्याला गेलो होतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला जोग नदीची खाडी आणि मधे नारळी-पोफळीच्या वाड्या. दुपारी ओटीवर पडून राहावं, एवढंच काय ते काम.

पहिल्या दिवशी सकाळी नऊला किनाऱ्यावर गेलो, तर पाणी पार लांब गेलेलं. ओल्या वाळूवर मात्र कुणीतरी ठिपक्यांची रांगोळी घालून ठेवलेली! मटाराहून लहान अशा वाळूच्या शेकडो गोळ्या, मधल्या एका भोकाभोवती किरणांसारख्या पसरलेल्या. धाकटी उकिडवी बसली आणि कुजबुजली, “आजोबा, ही कुणी काढली?”

आम्ही श्वास रोखून बसलो. थोड्या वेळानं भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर आला. नांगीनं वाळू उचलून तोंडात घाली, तिच्या कणांना चिकटलेलं बारीकसारीक अन्न गाळून घेई आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकी. एकदा चाळलेली वाळू पुन्हा चाळायला नको, म्हणून ही गोळी! भरती आली की स्वारी बिळात जाते, वरून दार लिंपून घेते आणि आत कोंडलेल्या हवेवर पाणी ओसरेपर्यंत राहते. त्याच्या घरात घड्याळ नाही, पण आवराआवर वेळेवर होते.

“मग पाणी कधी येणार?” थोरल्यानं फोन काढला, पण तिथे रेंज कुठली!

मी विचारलं, “आज तिथी कोणती?”

“संकष्टी. आजीचा उपास आहे.”

“म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट किती?”

“तीन.”

“मग तीनला भरती.”

त्याचा विश्वास बसला नाही. म्हणून दुपारी जेवणं आटोपून मुद्दाम पुन्हा गेलो. तीनच्या सुमारास पाणी वर आलेलं, रांगोळी गडप. थोरला माझ्याकडे असा बघत राहिला, जणू समुद्राला मीच हाक मारली होती! खरं तर हा हिशेब कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा. खाडीवर पूल नव्हता तेव्हा तरीतून पलीकडे जावं लागे, आणि तर कधी लागणार हे पाण्यावर ठरे. तिथी कळली की पाऊणपट करायची, झालं.

आता त्यातली गंमत ऐका. चंद्र पृथ्वीला ओढतो, पण सगळीकडे सारखा नाही. जवळच्या बाजूचं पाणी जास्त ओढलं जातं, पलीकडच्या बाजूचं सगळ्यांत कमी. म्हणून दोन्हीकडे पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि आपला किनारा दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून भरत्या दोन. पण पृथ्वीची फेरी पुरी होईतो चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला तिला आणखी पन्नासेक मिनिटं लागतात. म्हणून भरती रोज तेवढी उशिरा. आपल्या जुन्या माणसांनी त्याचा ढोबळ पाऊण तास केला, तोंडी हिशेबाला सोपा.

सूर्यामुळेही पाणी फुगतं, पण चंद्रामुळे फुगतं त्याच्या निम्म्याहून कमी. पौर्णिमा-अमावास्येला दोघं एका रेषेत येतात, तेव्हा उधाण. अष्टमीला काटकोनात ओढतात, तेव्हा पाणी चढतंही थोडं, उतरतंही थोडं. त्याला भांगाची भरती म्हणतात. किनाऱ्याचा आकारही बघावा लागतो बरं. नरसाळ्यासारख्या खंबातच्या आखातात पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आणि गोव्याकडे दोनेक मीटर. चंद्र तोच!

रात्री आजी ताट वाढून चंद्राची वाट बघत अंगणात बसली होती. नऊच्या सुमारास माडांमागून लालसर चंद्र वर आला. तिनं अर्घ्य दिलं, मोदक मोडला. तेवढ्यात धाकटी म्हणाली, “आजोबा, तीनला भरती होती, म्हणजे आता ओहोटी असणार.”

तिला कडेवर घेतलं, बॅटरी घेतली आणि निघालो. पाणी सकाळच्यासारखंच लांब गेलं होतं. सकाळी जिथे रांगोळी होती तिथे नुसती गुळगुळीत ओली वाळू, आणि तीवर चंद्राचा उजेड.