कंटेनर मिळाला, पण ट्रेलर कुठे आहे?

धाडला रेल्वे नाही. इथला मका किंवा कापूस कंटेनरमधून परदेशी पाठवायचा तर भोकरदनमार्गे जालना आणि पुढे न्हावाशेवा. जालन्याजवळ दिनेगावात ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर 2015 मध्ये झाली. तिथून माल रेल्वेने बंदरात नेण्याची कल्पना आहे. पण रेल्वे आली तरी धाड ते जालना हा टप्पा ट्रेलरचाच राहणार.

मग किती ट्रेलर लागतील? कंटेनर मोजून हे कळत नाही, दिवस मोजावे लागतात. रोज 10 कंटेनर भरायचे आहेत आणि रिकामा कंटेनर आणणे, भरणे, पोचवणे, परत येणे यात एक ट्रेलर 2 दिवस अडकतो, असे धरू. म्हणजे 20 ट्रेलर हवेत. जिनिंगच्या दारात गाडी आणखी एक दिवस उभी राहिली, की हा आकडा 30 होतो. माल तेवढाच, गाड्या दीडपट! या थांबण्याचे पैसे भाड्यात धरले जातात आणि शेवटी ते मालाच्या भावातूनच निघतात.

रेल्वेमुळे गणित आणखी अवघड होते. 45 वॅगनच्या एका गाडीत 20 फुटी 90 कंटेनर मावतात आणि ते एकाच वेळी उतरतात. तेवढे ट्रेलर कोणीच राखून ठेवत नाही. म्हणून यार्डात कंटेनर रचून ठेवायला जागा आणि उचलायला यंत्र लागते. हे नसेल तर ट्रेलरच गोदाम होऊन बसतो.

दुसरा प्रश्न वजनाचा. 40 फुटी ट्रेलरवर 20 फुटी दोन कंटेनर बसतात, चारही कोपऱ्यांत ट्विस्ट लॉकने पक्के होतात. 2018 च्या नियमाने ट्रेलरसह एकूण वजनाची कमाल मर्यादा 55 टन आहे. ओढणारा ट्रक आणि ट्रेलर यांचेच साधारण 15 टन. उरले 40. मक्यासारखा जड माल ठासून भरलेले दोन कंटेनर त्यात बसत नाहीत. जालन्याच्या लोखंडी सळ्यांचेही तेच.

एक उपाय जुनाच आहे. ट्रेलर त्याच्या पायांवर जिनिंगमध्ये उभा करायचा आणि ट्रक सोडवून दुसऱ्या फेरीला पाठवायचा. ट्रेलर जास्त लागतात, पण महागडा ट्रक आणि चालक अडकत नाहीत. त्यासाठी आवारात पक्की, सपाट जमीन हवी. पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रेलरचे पाय रुततात.