पाणी उकळले, पण विष गेले का?

खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्याला आपण आधी तांब्याभर पाणी देतो. पाणी नितळ असले की मन निःशंक होते. पण नितळ पाण्यातही आर्सेनिकसारखे विष असू शकते. ते डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत २००४ साली ‘आयजेम’ ही स्पर्धा सुरू झाली. तीत विद्यार्थ्यांचे संघ जिवाणूंच्या जनुकांत बदल करून त्यांना उपयोगी कामाला लावतात. पुण्याच्या ‘आयसर’चे विद्यार्थीही तीत उतरले आहेत. २००६ साली एडिंबरोच्या संघाने ई. कोलाय जिवाणू असा घडवला, की पाण्यात आर्सेनिक असल्यास आम्लता बदलावी आणि रंगावरून ते ओळखता यावे.

असे जिवाणू आपल्या घरी येतील तेव्हा येतील. आज एवढे लक्षात ठेवा : उकळल्याने रोगजंतू मरतात, आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट जात नाहीत. विहिरीजवळ उकिरडा किंवा शोषखड्डा असेल, तर नायट्रेटची शंका घ्यावी. बाटलीच्या दुधावरील तान्ह्या बाळाला ते घातक ठरते. म्हणून विहिरीचे, बोअरचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि मगच निर्धास्तपणे प्या.